आत्ता कुठपर्यंत आहे?

पिन कोडला त्यांच्याकडे पाचच घरं.
आमचा सहा आकडी, चारशे सोळा, चारशे सोळा,
एकच गोष्ट दोनदा सांगणाऱ्या माणसासारखा.
शेवटचा सहा बाहेर राहिला.
तसाच पाठवला.

मगदूम सरांना शिफारसपत्राची लिंक गेली.
सर म्हणाले, लेटरहेडवर देतो की, शिक्का मारून.
म्हटलं, सर, शिक्का नको त्यांना,
कॉलेजचा ईमेल पाहिजे.
कॉलेजचा ईमेल शिंत्रे क्लार्ककडे,
पासवर्ड निवृत्त प्राचार्यांच्या डायरीत.
सर विश्रामबागेतून तो चिठ्ठीवर उतरवून घेऊन आले,
स्कूटर ढकलत, पेट्रोल संपलेलं.
रात्री त्यांचा फोन :
ही विद्यार्थिनी वरच्या एक टक्क्यात, पाच की दहा, विचारतायत.
वर्गात तुम्ही अकराच होता गं.
टक्का कसा काढू?

फी ऐंशी डॉलर, सहा ठिकाणी.
आईने रुपयांत किती, ते विचारलं नाही.
भिशीतला आपला नंबर
अलीकडे ओढून घेतला.

आणि मग तो प्रश्न, पाचशे शब्दांत :
मानसशास्त्रच का?

एकोणीस सालच्या पुरात
शाळेतल्या छावणीत मी रजिस्टर धरून बसायचे.
नाव, वय, घरातली माणसं, चालू औषधं.
हलिमा बागवान रकाना सोडून बोलायला लागल्या.
गावभागातलं पाणी ओसरून चार दिवस झालेले,
आणि त्या भिंतीला बोट लावून दाखवायच्या,
अजून हितवर हाय बघ.
छातीत पाणी चढतंय गं, म्हणाल्या,
पडलं की चढतंय, उठलं की गुडघ्यावर येतंय.
मी दुसऱ्या वर्षाला. मला काहीच येत नव्हतं.
मी विचारलं, आत्ता कुठपर्यंत आहे?
त्यांनी नीट खाली बघितलं.
कमरेला, म्हणाल्या.

हे मी इंग्रजीत लिहिलं.
पाण्याचं लगेच लक्षण झालं.
छाती नुसती छाती राहिली.
परिच्छेद मात्र छान उतरला,
वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत धरून ठेवील असा.
सुरुवात अशीच पाहिजे म्हणतात.

अप्पा यार्डातून आले,
दिवसभर हळद तोलून नखं पिवळी.
इंग्रजी येत नाही, पण कोपऱ्यातला आकडा दिसला.
किती पाहिजेत?
पाचशे.
भरलेत किती?
पाचशे अडतीस.
मग काढ की जास्तीचे. मापात पाप नको.
आणि हात धुवायला गेले.

मी मोजत बसले.
हलिमाचाचींचे शहात्तर भरले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाड्यावर गेले.
त्या केळीचे फणे लावत होत्या.
म्हटलं, तुमची गोष्ट सांगू का तिकडं?
कुणाला?
प्रवेश देणाऱ्यांना.
मग मला काय मिळणार त्यात?
मला उत्तर आलं नाही.
त्या हसल्या, डझनभर केळी पिशवीत घातली,
पैसे पुरते घेतले.
मी चौकापर्यंत गेल्यावर हाक आली :
तू काय विचारलंवतंस, तेवढं सांग.
माझं नको सांगू.

आता सुरुवात अशी आहे :
दुसऱ्या वर्षाला असताना मी एक प्रश्न विचारला.
त्याचं उत्तर मला मिळालं,
पण ते माझं नाही, म्हणून इथे नाही.
एकूण शब्द चारशे सत्तर.
सगळे म्हणाले, हे काही जमलं नाही,
सुरुवात आहे की शेवट तेच कळत नाही.

बटण दाबलं तेव्हा इथे सकाळचे दहा वीस,
तिकडे अजून काल.
गोल फिरत राहिलं बराच वेळ.
मी उठून डब्यात हात घातला,
तांदळात पुरलेली केळी
अजून हिरवीच होती.